आधी साल, मग भट्टी

सालीतून टॅनिन, म्हणजे कातडं कमावणारा तुरट पदार्थ, काढायला भट्टी केवढी घ्यावी, स्टीलची की तांब्याची, वाफेवरची की सरपणावरची, हे सगळं तू फोनवर खोदून खोदून विचारलंस. साल कुठून आणणार आणि कशी ठेवणार, याबद्दल मात्र चकार शब्द काढला नाहीस. केमिकल इंजिनिअर झालेल्या भाचीला मामानं काय शिकवायचं, असं तुझी आई म्हणते. पण पोरी, तुमच्या पुस्तकातली कृती भांडं भरल्यापासून सुरू होते आणि या धंद्यात पैसा बुडतो तो भांडं भरायच्या आधी. कातडी कमावण्याच्या धंद्यात माझी हयात गेली, म्हणून चार गोष्टी कानावर घालतो. पटल्या तर घे.

वखारवाला साल फुकट न्या म्हणतो, यावर तू खूश आहेस. फुकट घेऊ नकोस. फुकटच्या मालाला अट घालता येत नाही. त्याच्या लेखी साल म्हणजे करवतीत अडकणारा कचरा. तो ती खोऱ्यानं कोपऱ्यात लोटतो आणि वीटभट्टीवाला ट्रॉली लावून घेऊन जातो. त्या ढिगात बाभूळ असते, आंबा असतो, निलगिरी असते, शिवाय चिखल, भुस्सा, खिळे आणि करवतीचं वंगण. किलोमागं थोडे पैसे दे आणि त्या बदल्यात तीन गोष्टी मागून घे. बाभळीचा ढीग वेगळा हवा, तो मातीवर नाही तर फरशीवर हवा आणि ओंडका आल्या आल्या सोललेला हवा. ओल्या ओंडक्याची साल टोक धरून ओढली तरी लांब पट्टी निघते. महिनाभर उन्हात पडलेल्या ओंडक्याची साल कुऱ्हाडीनं तासावी लागते आणि मग सालीबरोबर लाकडाचे ढलपे येतात. लाकडात सालीच्या मानानं टॅनिन फार थोडं. ते तू उगाच सरपण जाळून उकळत बसशील.

बाभूळच का, असं विचारशील. बाभळीच्या सालीत साधारण १२ ते २० टक्के टॅनिन असतं, झाड आपल्या भागात मुबलक आहे आणि गिऱ्हाईक आपल्या दारात आहे. पूर्वी कानपूरची चामड्याची कारखानदारी बाभळीवर चाले आणि मद्रासकडची तरवडाच्या सालीवर. मग दक्षिण आफ्रिकेतून वॅटलचा अर्क आला. वॅटल म्हणजेही बाभळीचीच चुलत बहीण, पण तिच्या सालीत ३० ते ४० टक्के टॅनिन. तिच्यापुढे आपली बाभूळ भावात टिकली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण तू पूड करून गोण्या भरायची स्वप्नं बघते आहेस. त्या गोण्यांची गाठ वॅटलच्या गोण्यांशी पडणार आहे.

एक गैरसमज अनेकांचा असतो, तुझाही असेल. कात सालीचा होत नाही. तो खैराच्या गाभ्याच्या लाकडाचे ढलपे उकळून काढतात. म्हणून कोकणातल्या कातवाल्यांची कृती जशीच्या तशी उचलून सालीला लावू नकोस.

आता साठवण. यात कसूर झाली तर पुढचं सगळं व्यर्थ. टॅनिन पाण्यात विरघळतं म्हणून तर आपण ते पाण्यानं काढतो. मग उघड्यावर पडलेल्या सालीवर मृगाचा पहिला पाऊस पडला की तो तुझं काम तुझ्याआधी करून टाकतो, फक्त अर्क गटारात जातो. उरलेली ओली साल आतून तापते, तिला बुरशी धरते. काही बुरशींमध्ये टॅनेज नावाचं विकर असतं, ते टॅनिनचे तुकडे पाडतं. वरून साल तपकिरी, खणखणीत दिसते, मोडली तर आत पांढुरकी जाळी आणि कुबट वास. असली साल दारात आली तर गाडी परत पाठव, भीड धरू नकोस. सोललेल्या पट्ट्या आधी सावलीत, वाऱ्यावर, दोरीवर नाहीतर बांबूच्या मांडवावर वाळव. पट्टी वाकवली तर काड्कन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर अजून ओल आहे. मग छपराखाली, जमिनीपासून हातभर उंचीवर रचून ठेव आणि ढिगावर आलेल्या दिवसाची चिठ्ठी लाव. जुनी आधी, नवी नंतर.

कुठली साल चांगली, हे तू चाखून ओळखायला शीक. आतल्या, जिवंत बाजूचा बारीक तुकडा दाढेखाली धर. जीभ आखडली, गाल आत ओढल्यासारखे झाले की माल आहे. बाहेरच्या मेलेल्या, भेगाळलेल्या थरात चव मंद लागते. त्यात उकळल्यावर गाळ बनून बसणारा लाल पदार्थच जास्त. ओळखीच्या झाडाचीच साल चाखायची, हे इंजिनिअरला सांगायला नको.

जिभेनंतर पेला. दहा ग्रॅम कुटलेली साल दोनशे मिली गरम पाण्यात अर्धा तास ठेव आणि कापडातून गाळून घे. पाणी चहाच्या रंगाचं होईल. ते निवू दे, कारण गरम अर्कात जिलेटिन धड साका धरत नाही. मग तीन पेल्यांत वाट. पहिल्यात हिराकसाच्या पाण्याचे दोन थेंब टाक. शाईसारखा काळा ढग पसरेल. पण एवढ्यावर हुरळून जाऊ नकोस, हिराकस टॅनिन नसलेल्या बऱ्याच संयुगांनाही काळं करतो. दुसऱ्यात जिलेटिनचं पातळ पाणी, चिमूटभर मीठ घातलेलं, थेंब थेंब सोड. इथं अर्क दुधाळ गढूळ झाला आणि थोड्या वेळानं तळाला चिकट साका बसला, तर ते टॅनिन खरं. कातडं कमावतं ते याच गुणानं, प्रथिनाला धरून ठेवून. तिसऱ्या पेल्यात फॉर्मल्डिहाइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घालून तापवायचं असतं. ते घरात नाही, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, धूर ओढणाऱ्या कपाटात कर. त्यात साका आला तर टॅनिन घट्ट जातीचं, म्हणजे न फुटणारं. हिरड्यातलं टॅनिन दुसऱ्या जातीचं, पाण्यात फुटून आम्ल देणारं. बाभळीत दोन्हींचे अंश सापडतात, म्हणून नुसत्या काळ्या रंगाच्या निळसर-हिरवट छटेवरून निवाडा देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नकोस.

सालीचा भुगा करायचा मोह होईल. भुग्यातून अर्क लवकर सुटतो हे खरं, पण भुगा टाकीच्या तळाशी बसून गच्च होतो, पाणी त्यातून उतरतच नाही आणि गाळणी चोंदते. नखाएवढे तुकडे पुरेत. आणि लोखंड! या धंद्यातला सगळ्यात मोठा शत्रू लोखंड. कोरडी साल लोखंडी चक्कीत कुटलीस तर चालेल, पण अर्काला लोखंडाचा स्पर्श झाला की तो काळवंडलाच समज. टाकी, नळ, झडप, ढवळणं, बादलीची कडी, सगळं स्टेनलेस, तांब्याचं, लाकडाचं नाहीतर प्लास्टिकचं. एखाद्या गंजक्या नटापायी टाकीभर अर्काचा रंग गेलेला मी पाहिला आहे. विहिरीचं, बोअरचं पाणीही आधी तपासून घे. त्यात चुना आणि लोह असतं, त्यानं अर्क गढूळ होतो आणि टॅनिनही वाया जातं. शेडच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवलंस तर त्याच्यासारखं पाणी नाही. तेवढी टाकी भट्टीच्या आधी बांध.

आता उकळण्याकडे वळू. खरं तर उकळायचंच नाही. एका कढईत साल घालून रटारटा शिजवली की अर्क काळपट होतो आणि निवल्यावर तळाला लाल गाळ बसतो. तो गाळ म्हणजे एकमेकांना चिकटून मोठं झालेलं आणि पाण्यात राहीनासं झालेलं टॅनिन. तुझा माल होता तो. याऐवजी ओळीनं पाच-सहा टाक्या मांड. ताजं गरम पाणी नेहमी सगळ्यात निचरलेल्या सालीवर घालायचं. तिथून निघालेला फिका अर्क पुढच्या टाकीत, तिथला त्याच्या पुढच्या, असं करत सगळ्यात कडक अर्क सगळ्यात ताज्या सालीवर पोचतो आणि तिथून बाहेर पडतो. एकाच चहापत्तीवर पुन्हा पुन्हा पाणी ओतलं की कप फिका होत जातो. इथं आपण तो फिका कप नव्या पत्तीवर ओततो, एवढंच. उष्णतेचा क्रमही तोच. निचरलेली साल सगळ्यात गरम पाणी सोसते, ताज्या सालीला ६०-७० अंशांपेक्षा जास्त नको. शेवटच्या टाकीतली साल बाहेर काढलीस की तिचा तुकडा चाव. भुशासारखा बेचव लागला पाहिजे. अजून तुरट लागला, तर पाणी कमी पडलं किंवा घाई झाली. गाळ तरीही येतच असेल, तर सोडियम मेटाबायसल्फाइटची थोडी मात्रा देऊन तो पुन्हा विरघळवता येतो. पण त्याचा वायू घशाला झोंबतो, म्हणून हे उघड्या हवेतच कर.

अर्क किती कडक झाला, हे बार्कोमीटरनं कळतं. पाण्यात तो शून्य दाखवतो. अर्काचं विशिष्ट गुरुत्व १.०२० असेल तर २० अंश. फार उपयोगी वस्तू, पण तिला साखर, डिंक, क्षार आणि टॅनिन यांतला फरक कळत नाही. ओल्या, कुजक्या सालीचा अर्कही २० अंश दाखवेल. खरं टॅनिन किती, ते कातड्याच्या पुडीवर केलेल्या चाचणीत समजतं. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था याच कामासाठी १९४८ पासून आहे, तिच्याशी पत्रव्यवहार कर. मोठ्या मालाचा सौदा करायच्या आधी एकदा तरी नमुना तपासून घे.

आता हिशेब, तुझ्याच भाषेत. शंभर किलो कोरडी साल, त्यात १४ टक्के टॅनिन. सगळं हाती लागत नाही, दहा किलो मिळालं तर हात जोड. अर्कात ४ टक्के टॅनिन असेल तर तो झाला अडीचशे लिटर. त्याची पूड करायची तर २३५ लिटरच्या आसपास पाणी उडवावं लागेल. किलोभर पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात, म्हणजे सव्वा लाखाच्या वर. त्यासाठीचं सरपण निचरलेल्या सालीतच आहे. वाळवली तर तिचे ८५ किलो उरतात आणि तिची उष्णता किलोला चार हजार किलोकॅलरीच्या घरात असते. पण टाकीतून निघते तेव्हा ती चिंब ओली असते आणि बराचसा जाळ तिचं स्वतःचं पाणी उडवण्यात जातो. जेमतेम हातातोंडाची गाठ पडते, वर फार उरत नाही. शिवाय उघड्या कढईत आटवलेली पूड काळी आणि अर्धवट मेलेली असते. चांगली हवी तर निर्वात भांडं आणि फवाऱ्यानं वाळवण्याचं यंत्र पाहिजे, ते तुझ्या आजच्या भांडवलात बसत नाही.

म्हणून माझं मत असं, की वाळवूच नकोस. गिऱ्हाईक वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. ओला अर्क कॅनमध्ये भर आणि दोन-तीन दिवसांत पोचव. ठेवलास तर त्याला आंबटण चढतं, वर बुरशीची साय धरते. वॅटलची पूड हजारो किलोमीटर प्रवास करून येते, तुझा अर्क टेम्पोतून सकाळी निघून दुपारी पोचतो. जिथं तुझी गाठ वॅटलशी पडत नाही तिथंच तुझी कमाई.

आणि गिऱ्हाईक कोण, तर कोल्हापुरी चपलांचं कातडं कमावणारे आपले ढोर समाजातले कारागीर. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. कोल्हापुरीचं कातडं वनस्पतींनीच कमावतात, बाभळीची साल आणि हिरडा. त्यांना तू रसायनशास्त्र शिकवायला जाऊ नकोस. कातड्याची पिशवी शिवून, आत साल आणि हिरड्याचा काढा भरून ती टांगून ठेवायची रीत त्यांच्या वाडवडिलांनी तुझ्या माझ्या आधी बसवली आहे. त्यांच्याकडून शीक की हिरडा का लागतो. बाभूळ कातड्याला अंग आणि लालसर रंग देते, हिरड्यातली साखर आंबून आम्ल होतं, त्यानं कातडं फुगून टॅनिन आतपर्यंत जातं आणि रंगही उजळतो. नुसत्या बाभळीचं कातडं काळसर आणि राठ होतं.

तुझ्याकडून त्यांना एकच सोय मिळू शकते, ती म्हणजे ठरलेल्या ताकदीचा अर्क. कातडं आधी फिक्या अर्कात, मग चढत्या क्रमानं कडक अर्कात न्यावं लागतं. पहिल्याच दिवशी कडक अर्कात टाकलं तर वरचा थर घट्ट आवळतो आणि आत अर्क शिरतच नाही. बाहेरून सुरेख दिसणारं कातडं आत कच्चं राहतं, पावसात भिजलं की वास मारतं. हे ओळखायची रीत सोपी आहे. कातड्याची जाड कड, मानेकडची, धारदार रापीनं तिरकी काप आणि छेद उजेडात धर. वरपासून खालपर्यंत एकसारखा तांबूस दिसला तर कमावलं गेलं. मध्ये पांढुरकी, किंचित पारदर्शक रेघ दिसली तर ते कातडं परत टाकीत. तू कॅनवर ५ अंश, १० अंश, २० अंश असं लिहून दिलंस, तर कारागिराचा अंदाजाचा खेळ संपतो. त्याचे पैसे तो देईल.

दुसरं गिऱ्हाईक नैसर्गिक रंगवाले. सुती कापड टॅनिनमध्ये बुडवून मग तुरटीत घातलं की रंग चांगला धरतो. हिराकस घातला की करडा, काळा. पण हिराकस जास्त झाला तर कापड पुढे घडीवर फाटतं, हे त्यांना आधीच सांग म्हणजे दोष तुझ्या अर्कावर येणार नाही. प्लायवूडच्या डिंकात टॅनिन वापरतात, आफ्रिकेत वॅटलचं वापरतात, पण त्या वाटेला प्रयोगशाळेचं पाठबळ असल्याशिवाय जाऊ नकोस.

औषधांचा विषय तू काढलास म्हणून सांगतो. सालीतून सोनं निघतं याचं मोठं उदाहरण आपल्याच माणसाचं आहे. नंदुरबारला जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी अमेरिकेत गेले आणि मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल वेगळं काढलं. १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली, १९९२ मध्ये कर्करोगाचं औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली. मधली वीस वर्षं बघ. आणि हेही बघ, की किलोभर औषधासाठी काही टन साल लागे आणि साल काढली की झाड मरे. पुढे फ्रान्सच्या प्येर पोतिए यांनी युरोपातल्या यूच्या पानांतून जवळचं संयुग मिळवून त्यावरून औषध बनवायची वाट काढली, तेव्हा कुठे झाडांचा जीव भांड्यात पडला. म्हणून औषधासाठी अर्जुनाच्या उभ्या झाडांची साल आणून देतो म्हणणारे दलाल येतील, त्यांना दारात उभं करू नकोस. खोडाभोवतीची साल पूर्ण काढली की झाड पानातली साखर मुळापर्यंत पोचवू शकत नाही आणि वाळून जातं. तुझा माल पडलेल्या, कापलेल्या ओंडक्याचा, तोही पावतीसह.

पावती म्हणतो त्याला कारण आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात साल, कात आणि हिरडा हे जंगलातले असोत वा बाहेरचे, वनोपजच मानले आहेत. वाहतुकीला पास लागतो का, हे वनखात्याच्या कार्यालयात जाऊन विचार, टेम्पो अडवल्यावर नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाचंही तसंच. अर्काचं सांडपाणी ओढ्यात सोडलंस तर ते पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं आणि लोह भेटलं की ओढा शाईचा होतो. गावकरी पहिल्या आठवड्यात दारात येतील आणि त्यांचं बरोबर असेल. टाक्या धुतलेलं पाणी पुढच्या खेपेला निचरलेल्या सालीवरच घाल, म्हणजे बाहेर जाणारं पाणी जेमतेम उरेल. जाळून उरलेली राख शेताला दे, तिच्यात चुना भरपूर असतो.

पहिल्या वर्षी शेड, तराजू, पावसाच्या पाण्याची टाकी, सहा प्लास्टिकचे पिंप, एक बार्कोमीटर आणि पाणी तापवायला एक चूल, एवढ्यावर भागव. कॅनभर अर्क तीन-चार कारागिरांना फुकट दे, दर सांगू नकोस. त्यांनी कमावलेल्या कातड्याची कड कापून छेद दाखवला आणि आणखी कधी देणार असं विचारलं, की मग मला फोन कर. भट्टी बघायला मी येतो.